फोटोमागची ओळ

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात वेबसाइट बनवत होते. आमची गिऱ्हाइकं बहुतेक अंबडचे कारखानदार. त्यामुळे मखमलाबादच्या पुढे गुलाबाची नर्सरी असलेलं एक जोडपं आलं, तेव्हा मला बरं वाटलं. नट-बोल्टऐवजी फुलांचे फोटो लावायला मिळणार होते.

काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली होती, पण बागेत ते हाताच्या अंदाजानं छाटणीसुद्धा करत. अंधांच्या एका संस्थेत जाऊन ते कॉम्प्युटर शिकले होते. पडद्यावरचं इंग्रजी मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे होतं. वेबसाइटची कल्पना त्यांचीच.

साइट देखणी झाली, पण सर्चमध्ये कुठेच सापडेना. कारण साधं होतं. पानांवर नुसते फोटो होते, आणि सर्च इंजिनला फोटो दिसत नाही, अक्षरं तेवढी कळतात. त्यासाठी प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहायची सोय असते. पाहणाऱ्याला ती दिसत नाही, सर्च इंजिन मात्र वाचतं. आमच्या सरांनी सांगितलं, सगळीकडे ‘नाशिक रोझ नर्सरी’ टाकून दे. तेव्हा सगळे तसंच करत. मीही तसंच केलं आणि दाखवायला नर्सरीवर गेले.

काकांनी साइट उघडली. तो यांत्रिक आवाज म्हणू लागला, नाशिक रोझ नर्सरी, नाशिक रोझ नर्सरी, नाशिक रोझ नर्सरी. काका कळा दाबत शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिले.

“सगळीकडे एकच फोटो लावलायस का गं?”

मी म्हटलं, नाही काका, सगळे वेगवेगळे आहेत.

“मग मला एकच का ऐकू येतोय?”

फोटोच्या जागी त्यांचं सॉफ्टवेअर ती मागची ओळच वाचत होतं. ती ओळ कुणाच्या कानावर पडत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्यांना सर्चचं सगळं समजावून सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की दृष्टी गेल्यानंतर लावलेली बरीच झाडं त्यांनी पाहिलेलीच नाहीत. निदान फोटोत काय आहे ते कळलं असतं.

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचं माहेर निफाडकडचं, बोलणंही तिकडचं. खुर्ची ओढून त्या माझ्या शेजारी बसल्या आणि एकेक फोटो सांगू लागल्या. हा पिवळा हाय, पर नुसता पिवळा नाय, कडंला लाली चढलीये. हा पांढरा, लय दाट, कोबीवानी. काका मधेच विचारत, पाकळ्या मिटलेल्या आहेत की मोकळ्या? काकू पुन्हा वाकून बघत. मी इंग्रजीत लिहायचे आणि लांबलं की काका त्यातले शब्द कापायचे.

एका फोटोपाशी काकू थांबल्या. यात काय आहे, काकांनी विचारलं.

“तुमी हाय,” काकू म्हणाल्या. “वाफ्यात उभं. शर्टाचं बटण चुकलंय, पर हसताय.”

काका खरंच हसले. ते बटण तेवढं लिहू नकोस, म्हणाले. मी लिहिलं, ‘आपल्या गुलाबांमध्ये उभे, हसणारे मालक.’

सरांना एवढ्या लांब ओळी पटल्या नाहीत. नर्सरीचं आणि गावाचं नाव जिथे शोभेल तिथे ठेवू, असं म्हटल्यावर ते तयार झाले. पुढे साइट हळूहळू सर्चमध्ये दिसू लागली. लाल कडेचा पिवळा गुलाब, असं काहीतरी शोधणारी माणसं थेट त्या फुलाच्या पानावर येऊ लागली.

एकदा कोल्हापूरहून एका संगीतशिक्षकांचा फोन आला. त्यांनाही दिसत नव्हतं. काकांसारखंच सॉफ्टवेअर वापरून त्यांनी अख्खी साइट ऐकली होती. इतर नर्सऱ्यांच्या साइटवर नुसते आकडे आणि फाइलींची नावं ऐकू येतात, इथे बागेतून फिरल्यासारखं वाटलं, असं ते काकांना म्हणाले. त्यांना ओट्याशेजारी चढवायला वासाच्या गुलाबाचा वेल हवा होता. काकांनी रोपं एसटीच्या पार्सलनं पाठवली आणि छाटणी कशी करायची ते फोनवर समजावत बसले. फांदी बोटांनी चाचपून ओळखायची भाषा दोघांना कळत होती. पुढे रोपांचं काम नसलं तरी ते एकमेकांना फोन करत.

मी त्या ऑफिसात होते तोवर नव्या फोटोंच्या ओळी काकूच फोनवरून सांगत. मागून काकांचं, “कोबी नको गं म्हणूस,” ऐकू यायचं, आणि काकू फोन तसाच हातात धरून त्यांच्याशी वाद घालायच्या.