'काढला' म्हणायचं राहिलं

शेवटच्या दिवशी सकाळी दादानं विचारलं, "बसतेस का?" आणि आत्या म्हणाली, "बसते."

एवढंच. पण हे 'बसते' ऐकायला दादाला एक्केचाळीस वर्षं लागली. तो चहा पीत होता, कप असा काही खाली ठेवला की अर्धा चहा बशीत. वहिनी, म्हणजे दादाची बायको, ओरडली, "अहो, फोटो काढायचाय का लग्न लागतंय कुणाचं?" पण तो ऐकायला जाग्यावर होता कुठं. वर घर आणि खाली स्टुडिओ. सत्तरी उलटलेला माणूस, पण जिना उतरला तो शाळा सुटल्यासारखा.

आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. दादाच्या पोराची आत्या म्हणून घरात आत्या, मग गल्लीची आत्या, मग स्टुडिओत दादाच्या हाताखाली असायची म्हणून तिच्यापेक्षा मोठी गिऱ्हाइकं पण आत्याच म्हणायला लागली. लग्न झालं नाही तिचं. का नाही ते सांगते पुढं.

तर ती लगेच खाली गेली नाही. म्हटली, जन्मात एकदा बसायचं तर जरा बरं काहीतरी घालावं. कपाट उघडलं. हे नको, ते नको, ह्याचा रंग गेलाय. वहिनी म्हणाली, "अगं ते काय, फोटोत सगळं काळंपांढरंच काढणार आहेत, घाल कुठलंही." तरी आत्यानं निळं काढलं, नीट केलं, घातलं, केस विंचरले. वीस मिनिटं गेली यात. ही वीस मिनिटं लक्षात ठेवा, कारण तिच्या काही ती डोक्यातून जाईनात.

खाली आली. पडदा सारून स्टुडिओत गेली. दिवा लागलेला होता. मोठा कॅमेरा त्याच्या तीन पायांवर उभा, आणि त्याच्यामागं खुर्चीवर दादा. हातात रबरी फुगा. तो फुगा दाबला की लांब नळीतून हवा जाते आणि कॅमेऱ्याला कळतं, घे आता. आत्या स्टुलावर बसली, मान सरळ केली. आणि मग तिला दिसलं की दिवा डाव्या बाजूला लावलाय. तिच्या भाजलेल्या गालाच्या बाजूला. तरी मान वळवली नाही तिनं. बसते म्हटलंय ना, मग बसायचं.

"काढ," ती म्हणाली.

उत्तर नाही.

"अरे काढ की. मान अवघडली माझी."

तरी नाही.

"दादा, बसल्या बसल्या झोप लागली का काय तुला?"

डोळे उघडे होते त्याचे. स्टुलाकडंच बघत होते. फुगा मुठीत.

डॉक्टर समोरच्याच इमारतीत राहतात, धावत आले. हृदय म्हणाले. त्रास झाला नसेल म्हणाले. आत्यानं एकच विचारलं, "मी आले तेव्हा होता का तो?" डॉक्टर म्हणाले, "पाच-दहा मिनिटांचं काय सांगणार आत्या? आधी किंवा नंतर, कसंही असेल."

आधी किंवा नंतर. बाईला खायला एवढे दोन शब्द पुरले.

आता दादा काय चीज होता ते सांगायला पाहिजे, नाहीतर हे कळायचं नाही. गल्लीतली पोरं त्याला काढलाकाका म्हणायची. कारण असं. माणूस फोटोला आला की दादा त्याला स्टुलावर बसवायचा आणि म्हणायचा, "एक मिनिट हां, दिवा नीट नाही." दिवा अगदी नीट असायचा. पण हा उगाच तो इकडं सरकव, तिकडं सरकव, वायर ओढ, शिंक. माणूस बघायचा जरा वेळ, मग कंटाळायचा. मग चेहऱ्यावर आणलेलं सगळं उतरायचं आणि खालचा माणूस वर यायचा. आणि दादा पाठीमागं धरलेला फुगा दाबायचा. मग म्हणायचा, "काढला."

"काय काढला? अहो मी अजून तयार नाही!"

"तयार झालात की दुसरा काढतो."

आणि काढायचा पण. छाती पुढं, हनुवटी वर, ओठ घट्ट, तसला. पहिल्याला घरात 'बेसावध' म्हणायचे आणि दुसऱ्याला 'तयारीचा'. दोन्ही धुऊन टेबलावर ठेवायचे, गिऱ्हाइकानं उचलायचा एक. शंभरातले नव्वद जण 'बेसावध' उचलायचे, आणि कुरकुरत उचलायचे.

एक हेडमास्तर आले होते निवृत्तीच्या वेळी. कोट, सगळी बटणं लावलेली. बेसावधमध्ये ते आपल्या बोटांकडं बघतायत, नखात खडू अडकलाय तो. चिडले. "ही काय चेष्टा आहे? मी काय बोटं बघायला आलो होतो?" तयारीचा घेऊन तरातरा गेले. तीन दिवसांनी त्यांची बायको एकटीच आली. म्हणाली, "तो दुसरा द्या मला. ते रागावले म्हणजे चांगलाच असणार." हातात घेतला आणि उभीच राहिली. आत्यानं पाणी दिलं तिला. ती म्हणाली, "हा माणूस फक्त मलाच दिसतो असं वाटत होतं हो मला."

आत्या हे सांगताना दर वेळी एकच म्हणायची. "मी पण तिथंच होते ना! चेहऱ्यावर उजेड पाडायचा पांढरा पुठ्ठा धरून, दादाच्या बाजूला. तोच चेहरा मी बघत होते, मला पण दोनच डोळे, त्याला पण दोनच. मग मला का नाही दिसलं? धुतल्यावर दिसलं. त्याला आधी कसं दिसलं?" आणि हे ती हेडमास्तरांचं एकट्याचं म्हणायची नाही. एक्केचाळीस वर्षं रोज म्हणायची. माणसाला देवळात वाटावं तसं तिला त्या अंधाऱ्या खोलीत वाटायचं, ट्रेमध्ये कागद हलवताना.

घरी मात्र दादा म्हणजे शून्य. चष्मा कपाळावर, आणि शोधतोय गादीखाली. गॅस पेटवायला पाच काड्या. जेवताना वहिनीच्या तोंडाकडं बघत बसायचा, खिडकीतून उजेड यायचा ना तिच्यावर. "थांब, अशीच थांब." वहिनी हातात गरम तवा घेऊन उभी! "हात भाजतोय माझा! आणि जेवा तुम्ही, माझ्याकडं बघून पोट भरत असतं तर मी स्वयंपाकच केला नसता." पण उभी राहायची हं, दोन क्षण. राहायची.

आता आत्याचं. लहान असताना उकळतं पातेलं अंगावर आलं, डावा गाल भाजला कानापर्यंत. पुढं लग्नाचं बघायला लागले तेव्हा फोटो काढायला नेलं एका मोठ्या फोटोग्राफरकडं. दादा तेव्हा त्याच दुकानात नोकरीला, दिवा धरायच्या. मालक म्हणाला, "दिवा उजवीकडं घे, मान वळव तिची, ती बाजू अंधारात जाऊ दे." दादानं दिवा उजवीकडं घेतला. फोटो असा सुंदर आला की मुलाकडचे धावतच आले. आणि दारात तिला बघितल्यावर मुलाची आई म्हणाली, "फोटोतली मुलगी कुठाय?"

बस. चहा पण न घेता गेले.

आत्या तेव्हा म्हणाली, आता मेले तरी कुणाला फोटो काढू देणार नाही. आणि दादानं नोकरी सोडली. कुणाला काही बोलला नाही. फक्त एकदा, बऱ्याच वर्षांनी, वहिनीला म्हणाला होता, "दिवा मी धरला होता गं."

स्वतःचा स्टुडिओ उघडला त्या दिवशी त्यानं पहिलं बहिणीलाच विचारलं, बसतेस का? ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, बरं. मग दर वर्षी त्याच तारखेला, एकदाच. बसतेस का? नाही. बरं.

आणि आता नीट ऐका. सगळ्या गावाला बेसावध पकडणारा हा माणूस. आणि ही त्याच्यापासून तीन हातांवर, रोज, भरलेल्या कॅमेऱ्यासमोर. सुरवातीला तोंड फिरवून उभी राहायची. मग विसरली. कित्येक वर्षं विसरली. एकदा तो गावाला गेलेला असताना तिच्या मनात पाल चुकचुकली, ह्यानं नक्की चोरून काढले असणार. सगळे खोके उपसले. निगेटिव्ह उजेडात धरून धरून डोळे दुखले. कुठं तिची बोटं होती पुठ्ठ्यावर, कुठं कोपर. चेहरा एकाही ठिकाणी नाही. चोराच्या हाताशी उघडी तिजोरी, आणि चोरानं एक दमडी उचलली नाही. ती खोक्यांमध्ये बसून राहिली होती म्हणे, संध्याकाळपर्यंत. तिला कळेना रडावं का काय.

मग ह्या वर्षी का हो म्हणाली? विचारलं तिला सगळ्यांनी. म्हणाली, "विचारताना कप थरथरला त्याच्या हातात."

तो गेल्यावर भाच्यानं, म्हणजे दादाच्या पोरानं, कॅमेरा बघितला. त्याचं काम नवीन पद्धतीचं, रोल वगैरे त्याला फारसं येत नाही, पण एवढं येतं. कॅमेऱ्याच्या पाठीमागं एक लाल काच असते, तिच्यात कितवा फोटो तो आकडा दिसतो. फोटो काढला की दादा लगेच रोल पुढं फिरवायचा. आकडा अजून पहिलाच होता, एक.

"आत्या, एकवरच आहे. काढला नाही बाबांनी."

"फिरवायला वेळ मिळाला नसेल."

"मग 'काढला' म्हणाले असते की. म्हणाले का?"

नव्हता म्हणाला. तेच तर. काढला असेल तर तिला बघितलं त्यानं, ती आली तेव्हा होता तो. आणि नसेल काढला तर वीस मिनिटं वाट बघून गेला, आणि ही वर केस विंचरत होती.

"धुऊन टाकू का बाहेर कुठं देऊन?" भाचा म्हणाला.

"हात लावायचा नाही."

तीन आठवडे कॅमेरा तसाच उभा. वहिनी तिला ओळखून. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "धुतला नाही तोवर फोटो आहे, असंच ना? मग मला पण सांग, मी पण तशी काहीतरी युक्ती करते. त्यांच्या चपला दारातच आहेत अजून." मग दोघींनी उरलेली भाजी निवडली.

दुसऱ्या दिवशी आत्या भाच्याला म्हणाली, "जुना वाया गेलेला रोल आण एक."

कारण गंमत अशी की एवढी वर्षं झाली पण तिचं काम डब्यात औषधं घालण्यापासून पुढचं. धुणं, वाळवणं, कापणं. त्याआधी रोल अंधारात डब्यातल्या चक्रीवर चढवायचा तो दादाच चढवायचा. मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांनी, आणि चढवताना कुठं चिकटला तर तेवढा फोटो गेलाच. आणि हिच्याकडं फोटोच एक. मग ती डोळे मिटून सराव करत बसली. गादीवर, जिन्यात, जेवण झाल्यावर. वहिनी म्हणाली, "जप करतेयस का?" पन्नास वेळा चढवला असेल. पंधरा-वीस वेळा चुकला. मग चुकायचा थांबला.

गेली आत. भाचा दाराबाहेर उभा, श्वास पण हळू घेत होता म्हणतो. आतून काही आवाज नाही. बऱ्याच वेळानं डबा बंद झाल्याचा आवाज, मग पाण्याचा. औषधं घातली, डबा हलवला, वेळ मोजला. वेळ ती घड्याळात बघत नाही, तोंडानं मोजते. शेवटी दार उघडलं आणि ओला रोल दोन बोटांत धरून उजेडात आली. लांबच्या लांब पट्टी, सगळी कोरी.

वरचं टोक सोडून.

भाच्यानं भिंग दिलं. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, पण आत्याला ते सरळ वाचता येतं. फोटोत ती वाकलेली होती. स्टुलापाशी वाकून, तळव्यानं स्टूल झटकत होती. गिऱ्हाईक बसायच्या आधी स्टूल झटकायचं काम एक्केचाळीस वर्षं तिचंच. स्वतःच गिऱ्हाईक होऊन आली आणि आधी स्टूल झटकलं, ते तिलाच आठवत नव्हतं. दिव्याचा सगळा उजेड डाव्या गालावर. गाल जसा आहे तसा. आणि चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही, धूळ गेली का एवढंच.

"बघ," भाचा तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाला. "केसन् केस दिसतोय आत्या."

"आले तेव्हा होता तो," आत्या म्हणाली. "होता."

ती जिन्याकडं तोंड करून ओरडली, "वहिनी! अगं ए! खाली ये, बघितलं मला त्यानं!" आणि वहिनी धडाधडा उतरली, हाताला पीठ तसंच, भिंगाला पीठ लागलं. बघितलं. बराच वेळ बघितलं. "निळं घालून उपयोग झाला नाही," ती म्हणाली, आणि मग दोघी हसत आणि रडत तिथंच खाली बसल्या.

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली. एक माणूस, घाईत, ओळखपत्राला फोटो पाहिजे, आत्ताच्या आत्ता. भाचा डोळे पुसून आपला कॅमेरा घ्यायला गेला. आत्यानं पट्टी चिमट्याला अडकवली आणि त्या माणसाला पडद्यामागं घेऊन आली. स्टुलाकडं हात नेला. मध्येच थांबली. हाताकडं बघितलं, मोठ्या कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि एकटीच हसली.

"काय झालं?" तो माणूस म्हणाला.

"काही नाही." तिनं स्टूल झटकलं. "बसा."