शेजारच्या खासदाराचा सत्कार

ॲमस्टरडॅमजवळ उइटहॉर्नला आमच्या कुंपणापलीकडे एक गोरे आजोबा राहायचे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं सरकार होतं, तेव्हा तिथल्या संसदेत ते विरोधी बाकावर बसत. मताचा हक्क फक्त गोऱ्यांना, त्यामुळे विरोधकही गोरेच, आणि तेही मूठभर. म्हातारपणी मुलीकडे हॉलंडला आले होते. मला माइकचं व्यसन आहे. असा माणूस शेजारी असताना त्याला शाल-श्रीफळ दिलं नाही, तर मराठी म्हणवून घेण्यात अर्थ काय?

"तुम्ही तिथे नेमकं करत काय होता?" मी तयारीसाठी विचारलं.

"प्रश्न विचारत होतो," आजोबा म्हणाले. "वर्तमानपत्रांना बरंच काही छापता येत नसे. सभागृहात बोललेलं मात्र छापता यायचं. म्हणून मी मंत्र्यांना विचारायचो, अमुक वस्ती का उठवताय, माणसांना कुठे नेऊन टाकणार?"

"मग?"

"मग ते उत्तर द्यायचे आणि वस्ती उठवायचे. पुढे मी निवडणूक हरलो."

शाल घालायला मी ॲमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या माझ्या ऑफिसातली एक सहकारी गाठली. निवृत्तीला आलेली, डर्बनची, भारतीय वंशाची. तिच्या लहानपणी त्यांची गल्ली गोऱ्यांसाठी राखीव झाली आणि घर पाडलं गेलं.

"अहो, पाहुणे कोण ते तिला आधी सांगा तरी," बायको म्हणाली.

"सांगितलं तर नाटक काय उरलं?"

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी आजोबांची अशी ओळख करून दिली, की सिंहानेही लाजून आयाळ झाकावी. टाळ्या पडल्या. नाव ऐकून ती शाल हातात धरून थबकली.

"तुम्ही होय," ती म्हणाली. "बाबा जेवताना तुमचे प्रश्न पेपरातून मोठ्याने वाचायचे."

मी फोटोवाल्याला खूण केली.

"कुठली गल्ली तुमची?" आजोबांनी विचारलं. तिने सांगितली. "त्या गल्लीबद्दल विचारलं होतं मी."

"माहीत आहे. म्हणून तर बाबा हलले नाहीत. म्हणायचे, तो माणूस विचारतोय ना, थांबू या." तिने शाल त्यांच्या खांद्यावर नीट बसवली. "मग बुलडोझर आला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली असती.

परतताना गाडीत आजोबांनी शाल काढून मांडीवर तिची घडी घातली.

"तुमच्यामुळे त्यांना आशा वाटली," मी म्हटलं.

"ज्यांना ती वाटली नाही, ते वेळेवर निघाले," ते म्हणाले. "मिळेल त्या भावाला घर विकून, स्वतःच्या पसंतीने जागा बघून. तिला विचारशील का, तिच्या बाबांसारखे आणखी किती थांबले होते?"

सोमवारी कँटीनमध्ये मी विचारलं. ती बोटांवर मोजू लागली: शिंपी, कोपऱ्यावरचा दुकानदार, वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी. मग तिने हात खाली घेतला.

"जाऊ दे. बरेच होते."

संध्याकाळी आजोबा कुंपणापाशी उभेच होते. मी शब्द न बदलता सांगितलं. माझ्यासारख्याला हे सोपं नाही.

"बरेच," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर आम्ही फक्त हवेबद्दल बोललो, आणि इथली हवा म्हणजे बोलण्यासारखं फार काही नसतं.