अण्णा, उपग्रह आणि माझा घोटा

माझा उजवा घोटा डोंगरावरून खाली आणायला एक उपग्रह, अकरा माणसं आणि एक कुत्रा लागला. आडवे यायला माझे वडील एकटे पुरले, तेही पुण्यात आरामखुर्चीत बसून!

पण वडिलांना, म्हणजे अण्णांना, दोष देता येत नाही. त्या दिवशी ते जे जे वागले, ते सगळं त्यांना मीच शिकवलं होतं.

आम्ही इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला राहतो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. (माझ्या चुका शोधायला घरात बायको मृणाल आहे, बिनपगारी.) गेल्या वर्षी मला डोंगर चढायचा झटका आला आणि डोंगराच्या आधी मी एक यंत्र घेतलं. तळहातात मावणारं, केशरी रंगाचं, वर आखूडशी अँटेना. ते नकाशा दाखवतं, वाट दाखवतं, आणि जिथं मोबाइलला रेंज नाही तिथूनसुद्धा थेट उपग्रहामार्फत मेसेज पाठवतं. बाजूला झाकणाखाली एसओएसचं बटण. ते दाबलं, की जगात कुठंतरी सदैव जागं असलेलं एक केंद्र तुम्ही नक्की कुठं पडला आहात ते बघतं आणि मदत धाडतं. मी तर पार भारावून गेलो! घरामागच्या बागेत उभं राहून मी पहिला मेसेज मृणालला पाठवला: 'चहा टाक.' तो अंतराळात गेला, उपग्रहाला शिवला, पृथ्वीवर परत आला आणि आमच्या स्वयंपाकघरात पोचला. मृणालनं खिडकी उघडली. "तूच टाक," ती म्हणाली. तिचं उत्तर जास्त लवकर पोचलं.

यंत्राची नोंदणी करताना एक फॉर्म भरायचा होता. संकटात फोन कोणाला करायचा?

"शेजारच्या पॉलीनचं नाव दे," मृणाल म्हणाली. "ती घरी असते आणि डोक्यानं शांत आहे."

"अण्णा असताना पॉलीन?"

बालवाडीपासून माझ्या प्रत्येक फॉर्मवर अण्णांचं नाव आहे. घरातलं वडीलधारं माणूस सोडून पहिला फोन शेजारणीला, हे काही माझ्या मनाला पटेना. मी अण्णांचं नाव घातलं. दुसरं नाव म्हणून मृणालचं. (ती त्याच डोंगरावर, माझ्या शेजारी, त्याच बिनरेंजच्या मोबाइलसकट असणार, हे मला सुचलं नाही. मी टेस्टिंगमध्ये आहे हे पुन्हा सांगत नाही.) पुढचा प्रश्न, एखाद्या औषधाची ॲलर्जी? लहानपणी एका इंजेक्शननं मी भोपळ्यासारखा सुजलो होतो आणि घरात रडारड झाली होती. पण त्या औषधाचं नाव अण्णांच्या कपाटातल्या निळ्या फायलीत. मी लिहिलं, 'आहे. वडिलांना विचारावं.'

आता अण्णांविषयी. अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर लोकांचे फोन जोडून देणाऱ्या या माणसाला फोन तोडायला मी शिकवलं. झालं असं, की त्यांच्या सोसायटीतल्या एका काकांना परदेशी नंबरवरून फोन आला, 'तुमचा मुलगा संकटात आहे', आणि काका पुरते फसले. मी घाबरलो. लगेच व्हिडिओ कॉलवर अण्णांची शिकवणी घेतली.

"अण्णा, परदेशी नंबर. माणूस इंग्रजी बोलतोय. म्हणतोय मुलगा संकटात आहे. काय करायचं?"

"फोन ठेवायचा."

"परत आला तर?"

"कसलीही माहिती द्यायची नाही. बेधडक खोटं बोलायचं."

"आणि मेसेज आला, की मीच तुमचा मुलगा?"

"जे फक्त तुला ठाऊक असेल ते विचारायचं."

"शाब्बास!"

एकदा तर मी ऑफिसच्या फोनवरून साहेबी आवाज काढून त्यांची परीक्षाही घेतली. अण्णांनी मला असं काही झापलं, की माझा ऊर अभिमानानं भरून आला.

मे महिन्याच्या शेवटी बँक हॉलिडेच्या सरकारी सुट्टीला जोडून आम्ही लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांकडे निघालो. हे अण्णांना सांगायचं नाही असं ठरलं होतं, कारण ते काळजी करत बसतात. सकाळी मोटरवेवरच्या चहापाण्याच्या थांब्यावरून मी त्यांना रोजच्यासारखा फोन केला. "आज घरीच आहोत अण्णा, पाऊस आहे ना." मागून ट्रक गेले. "तो टीव्ही," मी म्हणालो.

थोडक्यात, संकटात ज्याला पहिला फोन जायचा, त्याला संकट कुठं यायचं आहे याचा पत्ताच नव्हता.

डोंगराचं नाव सांगत नाही, तिथले लोक मला अजून ओळखतात. बरोबर मृणाल आणि आमची पंधरा वर्षांची सई. सईचा जन्म इथलाच. शाळेच्या सराव परीक्षेत तिला गणितात कमी मार्क पडले होते, त्यामुळे चढताना मी तिला उपदेश करत होतो.

"तुझ्या वयात मला दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे अडतीस होते!"

"बाबा, तू हा गोष्ट कारमध्ये पण सांगितला."

"मग परत ऐक."

वर पोचलो आणि मीसुद्धा गप्प झालो. खाली दोन तळी, त्यांच्यामध्ये हिरव्या टेकड्या, आणि एवढी शांतता की लांबवरच्या मेंढीचं चरणं ऐकू यावं. मृणालनं दशम्या काढल्या. मला वाटलं, हे बघायला अण्णा हवे होते. तेवढ्यात ढग खाली आला आणि दशम्यासुद्धा दिसेनाशा झाल्या.

"घाबरायचं नाही!" मी यंत्र उंचावलं. "आपल्याकडे हे आहे."

उतरताना मी डोळे पडद्यावर रोवून पुढे चाललो होतो. पडद्यावर आमची वाट निळ्या रेषेनं दाखवली होती आणि रेषेवर मी, एक छोटा बाण. "बघ सई, अगदी रेषेवर आहोत. एक फूटसुद्धा इकडे..."

कट्ट!

ओल्या दगडावरून पाय गेला. मी खालच्या खडकांत पडलो. पडद्यावर मी अजूनही अगदी रेषेवर होतो.

पहिली पाच मिनिटं मी "काही नाही, जरा बसतो" असं म्हणत होतो. मग सईनं खाली वाकून बघितलं. "बाबा, तुझी पाय भलत्याच साइडला बघते." मी बघितलं आणि पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं. पाऊस आडवा लागायला लागला. तिघांच्या मोबाइलवर रेंज शून्य.

"दाब ते बटण," मृणाल म्हणाली.

"अगं, सुट्टीच्या दिवशी लोकांना कशाला त्रास..."

"अनिकेत, सईचे ओठ निळे पडलेत. दाब!"

तेव्हा मात्र मी मनापासून घाबरलो. बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून झाकणावर मी चिकटपट्टी लावली होती, तीन पदरी. ती मृणालनं दातांनी फाडली. मी बटण दाबलं. यंत्र लुकलुकलं आणि मिनिटभरात थरथरलं. 'तुमचा संदेश मिळाला. काय झालं आहे?'

अंगावर काटा आला. दोन हातांवरची बायको धड दिसत नव्हती अशा त्या ढगात कोणीतरी मला बघत होतं! आभाळाला हाक मारली आणि आभाळानं ओ दिली. मी भारावून एकेक अक्षर उमटवायला लागलो, 'आदरणीय महोदय, आपण कुशल असाल अशी आशा...'

"ऑफिसचा मेल लिहितोयस?" मृणाल ओरडली.

सईनं यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं, स्वतःच्या फोनला जोडलं आणि चार सेकंदांत लिहिलं, 'बाबांचा घोटा मोडला. आम्ही तिघं. खूप थंडी.'

उत्तर आलं, 'बचाव पथक निघालं आहे. पाय हलवण्याआधी वेदनाशामक द्यावं लागेल. ॲलर्जी कोणत्या औषधाची? वडिलांना फोन करत आहोत.'

"बघ," मी मृणालला म्हणालो. "अण्णांचं नाव दिलं ते किती बरं झालं!"

यंत्र थरथरलं. सईनं वाचलं, 'तुमचे वडील म्हणतात, तुम्ही घरी आहात. पाऊस आहे.'

यंत्र पुन्हा थरथरलं. 'पुन्हा फोन केला. आता ते म्हणतात, त्यांना मुलगाच नाही.'

तिसऱ्यांदा: 'त्यांनी आम्हाला पोलिसांत देण्याची ताकीद दिली आहे. तुमच्या पत्नीला फोन लावला. लागत नाही.'

"पत्नीला?" मृणाल म्हणाली. "माझा नंबर दिलास?" ती हसतेय की रडतेय ते पावसात कळेना.

अण्णांनी एकही पायरी चुकवली नव्हती. असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

"मी आजोबांना डायरेक्ट मेसेज करते," सई म्हणाली. माझी बोटं तोवर गारठून कामातून गेली होती. मी सांगितलं, तिनं लिहिलं: 'अण्णा, मी अनिकेत. डोंगरावर पाय मोडला. ॲलर्जीच्या औषधाचं नाव कळवा.'

मेसेज वर गेला. आम्ही तिघं एका प्लॅस्टिकखाली दाटीवाटीनं बसून वाट बघत राहिलो. काही मिनिटांनी पुण्याहून, अंतराळमार्गे, उत्तर आलं: 'खरा अनिकेत असशील तर सांग. दहावीला गणितात किती?'

"इझी!" सई म्हणाली. "वन थर्टी एट." तिची बोटं चाललीसुद्धा. मी तिला थांबवू शकलो असतो. पाय मोडलेला, अंग काकडलेलं, आणि तरी मी थांबवलं नाही!

उत्तर ताबडतोब आलं. 'चोरा, पुन्हा मेसेज करू नकोस.'

सई माझ्याकडे बघायला लागली. "बाबा?"

"अनिकेत," मृणाल म्हणाली, "किती?"

वारा सुटला होता. एक मेंढी चरायची थांबून ऐकत होती.

"चोपन्न."

"शंभरपैकी ना?" मृणालनं आशेनं विचारलं.

"दीडशेपैकी."

सईनं शांतपणे दोन आकडे दाबले आणि पाठवले. माझी तीस वर्षांची अब्रू ढगांच्या वर, पावसाच्या वर, थेट उपग्रहापर्यंत गेली आणि तिथून पुण्यात उतरली.

'बाळा, कुठं लागलंय?'

आणि त्याखाली औषधाचं नाव, अचूक स्पेलिंगसकट, निळ्या फायलीतून. (ते इथं देत नाही, कारण मला ते अजूनही आठवत नाही.) मी रडलो. पाय दुखत होता म्हणून, असं सगळ्यांनी मानलं.

मग ढगातून आधी कुत्रा आला, त्याच्यामागे लाल जॅकेटं घातलेली माणसं. अकरा जण! कोणी बेकरी चालवणारा, कोणी सुतार, कोणी नर्स. सगळे स्वेच्छेनं हे काम करणारे, सुट्टीचं जेवण अर्ध्यावर टाकून एका अनोळखी माणसाच्या घोट्यासाठी डोंगर चढून आलेले. मी "सॉरी" म्हणालो की ते "नो बॉदर" म्हणत. एकानं सईला आपली कोरडी टोपी घातली, गरम चॉकलेट पाजलं, आणि तिच्या ओठांवर रंग आला. मला सुई टोचली, स्ट्रेचरवर बांधलं आणि त्या निसरड्या दगडांवरून असं अलगद खाली नेलं, की पालखीतल्या देवालाही हेवा वाटावा. यंत्रानं मी थक्क झालो होतोच, पण या माणसांपुढे ते यंत्रसुद्धा खेळणं वाटायला लागलं. माझा पाय धरून चालणाऱ्या बाई एरवी शाळेत गणित शिकवतात. हे सईनं विचारलं. मी विचारलं नव्हतं.

हॉस्पिटलमधून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

"घरी आहे म्हणालास," अण्णा म्हणाले.

"तुम्ही काळजी केली असतीत."

"आणि आता नाही केली का रे? मुलगाच नाही म्हणालो, फोन ठेवला आणि निळी फाइल काढून बसलो. म्हटलं, खरंच तोच असला तर?"

ज्या माणसानं आयुष्यात माझं नाव कुठल्या फॉर्मवरून गाळलं नाही, त्याच्याकडून मी 'मुलगा नाही' असं वदवून घेतलं होतं. मी त्यांची माफी मागितली. बऱ्याच वर्षांनी, मनापासून.

अण्णांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि आवाज एकदम बदलला. "पण काय रे, तो मेसेज खरंच डोंगरावरून थेट उपग्रहाला? मध्ये खांब नाही, तार नाही, एक्स्चेंज नाही? आमच्या वेळी साताऱ्याचा कॉल जोडायला दुपार जायची! दाखव बघू ते." मी यंत्र कॅमेऱ्यापुढे धरलं. जन्मभर फोन जोडलेल्या त्या माणसानं पडद्यापलीकडून त्याला हात जोडले.

आता फॉर्मवर पॉलीनचं नाव पहिलं आहे आणि अण्णांचं दुसरं. डोंगरावर जायच्या आधी अण्णांना सगळं सांगतो आणि ते व्यवस्थित काळजी करतात.

यंत्रात तीन तयार मेसेज भरून ठेवता येतात. पहिला 'निघालो', दुसरा 'पोचलो'. तिसरा सईनं भरला आहे. जेवताना मी तिला अभ्यासावरून बोलायला लागलो, की ती उलट उत्तर देत नाही. शांतपणे उठते, बागेत मोकळ्या आभाळाखाली जाऊन यंत्र उंच धरते आणि परत येऊन जेवायला बसते. थोड्या वेळानं माझा फोन वाजतो: '५४'. आमच्या घराण्यातलं अजून कोणी अंतराळात गेलेलं नाही. माझे मार्क मात्र आठवड्यातून दोनदा जाऊन येतात.