व्यंकटरमणमामांची शेंडी आणि एकेचाळीस सेकंद

महामहम तळ्याच्या पश्चिमेकडच्या गल्लीतली पोरं शपथेवर सांगतात, की व्यंकटरमण राव तळ्याच्या तळाशी मांडी घालून बसतात आणि पापनाशमहून सुटलेली गाडी कुंभकोणमला लागेपर्यंत श्वास धरतात. ही सगळी ताकद म्हणे त्यांच्या शेंडीत आहे. शेंडी कापली की राव फुग्यासारखे फुस्स! एकाने तर शेंडीतून बुडबुडे निघताना पाहिलेत.

खरी गोष्ट अशी, की व्यंकटरमण रावांना पोहता येत नाही. तळ्याच्या तिसऱ्या पायरीखाली ते जन्मात उतरलेले नाहीत. ते एक्स-रे काढतात. बाजारामागच्या एका लहानशा स्कॅन सेंटरमध्ये, गेली एकतीस वर्षं.

अफवा कोणी उठवली हे विचारायची गरज नाही. मधुमितेने. ती त्यांच्या बहिणीची मुलगी, वय वर्षं पंधरा. गल्लीतला एकही आवाज तिच्या तावडीतून सुटलेला नाही. कॉफीवाल्याचा खाकरा, तिरुप्पनंदाळच्या बसचा कंडक्टर, देवळातला माइक सुरू होतानाची किंकाळी, सगळं तिच्याकडे आहे. पण तिचा हुकमी एक्का म्हणजे मामा. नाकात बोलायचं, मान जरा तिरकी करायची आणि घरात तंजावरी मराठी बोलणारे मामा पेशंटला तमिळमध्ये सांगतात तसं म्हणायचं, "मूच्चै इळुंग... पिडिंग... विडुंग." म्हणजे श्वास घ्या, धरा, सोडा. ते ऐकून वत्सलामामी स्वयंपाकघरातून ओरडते, "आज लवकर आलात?"

तळ्याच्या गोष्टीत खरं किती, हे मात्र मधुमितेलाच एक दिवस बघावंसं वाटलं. पहाटे मामा संध्येला बसले, तेव्हा ती मोबाइल घेऊन समोर बसली. मामांनी आधी शेंडी सोडली, तेलाचं बोट फिरवलं, पीळ देऊन गाठ मारली.

"आधी गाठ का?"

"सुटे केस सुतकाचे, बाई. कर्माला बसायचें तर केस बांधलेले पाहिजेत. मन पण बांधलें जातें."

"आणि टक्कल पडलं तर?"

"तर दर्भाची शेंडी करून उजव्या कानावर ठेवावी. शास्त्रानें टकल्यांची सोय केली आहे."

मग त्यांनी प्राणायामासाठी नाक धरलं. मनातल्या मनात मंत्र तीनदा, एकाच श्वासात. मधुमितेने वेळ लावली.

"एकेचाळीस सेकंद? एवढंच? मामा, मी अख्ख्या गल्लीला गाडी लागेपर्यंत सांगितलंय!"

"एकेचाळीस सेकंदांत मी तळ्यावर छत्री पण मिटत नाही." मामा हसले. "अधिक धरून काय करायचें? सोडायचें केव्हां, तें कळलें म्हणजे झालें."

हे सोडायचं प्रकरण ते नोकरीला लागले त्या वर्षी शिकले होते. एका म्हाताऱ्याला त्यांनी "पिडिंग" म्हटलं, फोटो काढला आणि फिल्म घेऊन बाहेर गेले. "विडुंग" म्हणायचं राहूनच गेलं. परत आले तर आजोबा वांग्यासारखे जांभळे, तरी आज्ञेत उभे! त्या दिवसापासून मामांचा नियम झाला, पेशंटबरोबर आपणही श्वास धरायचा. आपला जीव घाबरला की त्याचा आठवतो.

दुसरा नियम केसांचा. शुक्रवारी न्हाऊन आलेल्या एका बाईच्या फुफ्फुसात डाग दिसला आणि घरात रडारड झाली. दुसऱ्या दिवशीच्या फिल्मवर डाग गायब. ओले केस मोकळे सोडायचे, पण अगदी मोकळे बरे नव्हेत म्हणून टोकाला एक गाठ मारायची, ही इथल्या बायकांची रीत. तीच पाठीवरची ओली गाठ फिल्मवर उतरली होती. तेव्हापासून बाई आत आली की मामा आधी तिची पाठ बघतात. "केस वर बांधा, अम्मा." मग श्वास.

आणि या महिन्यात सेंटरमध्ये बोलणारं मशीन आलं. श्वास घ्या, धरा, सोडा, सगळं तेच सांगतं.

डॉक्टर जयकुमार सेंटरचे मालक. तरुण, हसरे. ते म्हणाले, "राव सार, मशीनमधला आवाज परका वाटतो. तुमचाच भरू या."

मामा माइकपुढे उभे राहिले, घसा साफ केला आणि माइकच्या मागे कोण आहे ते बघू लागले.

"बोला ना, सार."

"समोर माणूस नाही. श्वास कोणासाठी धरू?"

दहा मिनिटं गेली. शाळा सुटल्यावर मामांचा डबा घेऊन आलेली मधुमिता दारातच चुळबुळत होती. तिला राहवेना. "मामा, तुमच्या आवाजात मी बोलते. एकाही पेशंटला कळणार नाही. पैज!"

"काय लावितेस?"

"हरले तर महिनाभर कोणाची नक्कल नाही. जिंकले तर शेंडीला लाल रिबन बांधून तुम्ही देवळात जायचं."

"बांध." मामांनी टाळी दिली.

मधुमितेने एका दमात तिन्ही शब्द म्हटले. डॉक्टरांनी ऐकून टेबलावर थाप मारली. "जमलं! आता एक तारखेपासून सार रिपोर्टच्या खिडकीवर बसू शकतात. ते जड एप्रन नको, उभं राहणं नको."

ते प्रेमानेच म्हणाले. मामा "बरं" म्हणाले आणि त्यांचा हात शेंडीच्या गाठीकडे गेला. घट्टच होती, तरी त्यांनी ती पुन्हा आवळली. रिबनच्या नादात आपण मामांना खोलीबाहेर काढलं, हे मधुमितेला आत्ता कळलं. पण आवाज मशीनमध्ये गेला होता. परत कसा मागायचा?

शुक्रवारी चाचणी झाली. मामा काचेबाहेर, मधुमिता त्यांच्या बाजूला. पहिला एक कॉलेजचा मुलगा. मशीन बोललं, त्याने घेतला, धरला, सोडला. दुसरा तिरुक्करुगावूरचा शेतकरी. तोही बिनबोभाट. मधुमिता जिंकत होती आणि तिला रडू येत होतं.

तिसरी नागलक्ष्मी. देवळाबाहेर फुलं विकणारी, जुन्या खोकल्यासाठी दरवर्षी येणारी. न्हाऊन आलेली, केस पाठीवर, टोकाला गाठ. मशीन थेट म्हणालं, "मूच्चै इळुंग."

"थांबवा!" मामांनी काच वाजवली. "नागलक्ष्मीअम्मा, केस!"

तिने जीभ चावली, अंबाडा घातला. डॉक्टरांनी मशीन पुन्हा लावलं. इळुंग. पिडिंग. फोटो निघाला. विडुंग.

नागलक्ष्मीने श्वास सोडला नाही.

तिचे गाल पुरीसारखे फुगले. मशीन पुन्हा म्हणालं, विडुंग. ती काचेकडे डोळे लावून तशीच. डॉक्टर उठले. तेवढ्यात मधुमितेच्या कानाशी, इतका वेळ सवयीने दम धरून उभ्या असलेल्या मामांनी "हुश्श" केलं आणि म्हणाले, "विडुंग, अम्मा."

नागलक्ष्मीने भस्सकन श्वास सोडला आणि भांडायलाच लागली. "तुम्ही सोडल्याशिवाय मी कशी सोडणार? आत कोण बोलत होतं? आवाज तुमचा, पण त्याला दम कुठे लागला होता?"

मधुमितेने कान टवकारले. खरंच की! मामांच्या "विडुंग"च्या आधी एक लहानसा "हुश्श" असतो, धरलेला श्वास सुटतानाचा. इतकी वर्षं नक्कल केली आणि तेवढाच तिच्या कानातून निसटला. तिने कधी श्वास धरलाच नव्हता ना!

डॉक्टरांनी एकदा काचेबाहेरच्या मामांकडे, एकदा नागलक्ष्मीच्या अंबाड्याकडे बघितलं. "खिडकीवर दुसऱ्या कोणाला बसवतो," ते म्हणाले. "सार, मशीनचा आवाज बंद कसा करतात?"

घरी येताना मामांनी एवढंच विचारलं, "रिबन विकत घेतली होतीस?"

"हो. लाल."

"मग तूंच बांध. आणि तोंडाला गांठ."

आज सतरावा दिवस. कॉफीवाला खाकरतो, कंडक्टर ओरडतो, देवळातला माइक किंचाळतो आणि मधुमिता ओठ दाबून पुढे जाते. गल्लीत नवी अफवा आहे, की व्यंकटरमण रावांनी तिचा आवाज काढून शेंडीत बांधून ठेवला. पैज म्हणजे पैज, अजून तेरा दिवस तोंडाने नक्कल करायची नाही. हाताने करायची की नाही, याबद्दल मात्र काही ठरलं नव्हतं. म्हणून मी हे लिहून काढलं.