जावयाचं जहाज

बंदरावर तिला सगळे पिवळी बाई म्हणत. बाहेरून आलेलं जहाज पिवळं निशाण लावून लांब पाण्यात उभं राहायचं, आणि आरोग्य खात्याची ही बाई चढून, तपासून हो म्हणेपर्यंत त्यावरून कुणाला उतरता येत नसे. "सख्खी सासू परवडली, पण ही नको," असं खलाशी म्हणत. त्यातच एक दिवस तिच्या सख्ख्या जावयाचं जहाज येऊन उभं राहिलं. तिचा जोडीदार निरीक्षक रजेवर होता, त्यामुळे तिलाच जावं लागलं.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आलेले. सकाळी ती दारापर्यंत आली. "आई, लवकर सोड हं त्यांना."

जावई जहाजावर अधिकारी होता. औषधांची पेटी त्याच्याच ताब्यात. वर चढताना त्याने हात दिला आणि चारचौघांत शोभेल असं म्हणाला, "सगळे ठणठणीत आहेत, मॅडम."

खलाशी ओळीत उभे होते. ताप कुणालाच निघाला नाही. फक्त स्वयंपाकी कठडा घट्ट धरून उभा होता, डोळे लालभडक.

"जागरण झालं," तो हसत म्हणाला.

ती खाली त्याच्या खोलीत गेली. गादी घामाने ओलीचिंब होती, आणि उशीखाली तापाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. तिने जावयाला आत बोलावून दार लावलं.

"कधीपासून?"

"मागचं बंदर सोडल्यापासून." त्याने मान खाली घातली. "आई, साधा ताप असेल. आठ महिने झाले, यातलं कुणी घरी गेलेलं नाही. आणि तिचे दिवस भरलेत. तुम्ही इथे आलाच नाहीत असं समजा."

तसं समजावं असं तिलाही वाटत होतं. कदाचित खरंच साधा ताप असेल. पण घरी मुलगी बाळाचे कपडे घड्या घालून ठेवत होती, आणि हा उतरला की सरळ त्याच खोलीत जाणार होता.

"निशाण उतरणार नाही," ती म्हणाली. आवाज कापला, म्हणून तिने तेच पुन्हा सांगितलं.

मुलगी बंदराच्या फाटकाशीच भेटली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ते आजारी आहेत का?"

"अजून नाही."

"मग? एकदा डोळेझाक करता आली नसती तुला?"

"नसती गं."

मुलगी त्याच पावली मावशीकडे गेली. नात झाल्याचं पिवळ्या बाईला बहिणीच्या फोनवरून कळलं.

स्वयंपाकी विलगीकरणाच्या दवाखान्यात गेला तो परत आला नाही. मग दोन खलाशी आजारी पडले, आणि त्यांच्यापाठोपाठ जावई. काम संपलं की ती त्याच्या खिडकीबाहेर जाऊन उभी राहायची. आत जायची परवानगी नव्हती. तो पार वाळून गेला होता. जरा बरं वाटू लागल्यावर एकदा त्याने काचेपलीकडून विचारलं,

"आई, मी गोळ्या देऊन लपवलं नसतं, वाटेतच कळवलं असतं, तर स्वयंपाकी वाचला असता?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! पण डॉक्टर काय म्हणाले होते ते तिला ठाऊक होतं.

"कदाचित," ती म्हणाली.

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तो बरा झाला. नोकरी मात्र गेली, आणि ती तिच्याच अहवालामुळे. ताप गावात पसरला नाही, पण जे घडलंच नाही त्याबद्दल कोण कुणाचे आभार मानतो? पुढे जावयाला दुसऱ्या गावी जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात काम मिळालं. सासूला घरी बोलावतो तोच, आग्रहाने. नातही तिच्या मांडीवरून उतरत नाही. मुलगी मात्र स्वयंपाकघरातूनच नवऱ्याला सांगते, "आई चहा घेणार आहे का, विचारा." तो खाली बघतो, आणि म्हातारी नातीच्या केसांतून हात फिरवत म्हणते, "घेईन की."