घटसर्पाची सुई

चिंचटोल्यात शामलाशी वाद घालायला सहसा कोणी धजत नसे. जो धजे, त्याच्या चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत त्याची सुटका नसे. कोराडीच्या वीज केंद्रापलीकडे, राखेच्या तलावाच्या अंगाला साठेक घरांची ही वस्ती. वाळत घातलेल्या लुगड्यांवर राख बसते, म्हशींच्या पाठीवर बसते, पण इथलं दूध कोराडीच्या कॉलनीत नावाजलेलं. या दुधावरच वस्ती जगते. आणि दूध देणाऱ्या ढोरांची खरी राखणदार आपणच, असं शामलाचं स्वतःचं तरी ठाम मत होतं.

कागदोपत्री ती पशुसखी. म्हणजे गावातल्या ढोरांच्या दुखण्याखुपण्याकडे बघायला, सुई टोचायला आणि आवाक्याबाहेरचं काही निघालं तर डॉक्टरला फोन लावायला शिकवून तयार केलेली बाई. नवरा कोळशाच्या ट्रकवर, पोरगी पायल बारावीत. 'रिकामी आहे म्हणून हे उद्योग सुचतात,' असं शेजारच्या शोभाताई म्हणायच्या. रिकामी ती कधीच नव्हती. तिच्या माहेरी एका पावसाळ्यात घटसर्पानं गोठ्यातल्या तिन्ही म्हशी दोन दिवसांत गेल्या होत्या. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. रिकाम्या गोठ्यात बसून आई रडत होती, ते तिनं पाहिलं होतं आणि ते तिच्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही.

घटसर्प असाच येतो. सकाळी ताप चढतो, गळ्याखाली सूज येते, तोंडातून लाळ गळते, श्वासाची घरघर सुरू होते आणि दिवस मावळायच्या आत ढोर आडवं होतं. औषध द्यायला उसंतच मिळत नाही. त्यावर उतारा एकच, पावसाळ्याआधी लस. हे शामलानं चिंचटोल्याला आठ वर्षं सांगितलं. सुईनं दूध आटतं, गाभण म्हैस गाभ टाकते, सरकारी औषध पाण्यासारखं असतं, असं एकेक ऐकून घेत ती दर मे महिन्यात दारोदार फिरली. पहिल्या वर्षी पाच ढोरं आली. हळूहळू आकडा चाळिशीपर्यंत गेला. एकटे चंपतराव तेवढे हलले नाहीत.

चंपतराव म्हणजे सत्तरीचा, शब्दांचा कंजूष माणूस. घरात ते एकटे आणि गोठ्यात चार म्हशी. त्यातली मोगरी अस्सल नागपुरी, मागे वळलेल्या लांबलचक शिंगांची. त्यांच्या बायकोनं तिला पारडी असताना बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. बायको गेली आणि मोगरी उरली. चंपतराव दिवसभरात माणसांशी चार वाक्यं बोलत असतील, बाकीचं सगळं मोगरीशी. तिच्या अंगाला कोणी सुई लावायची म्हटलं की ते उठून आत निघून जायचे. शामला दारात उभी राहून तासभर बोलायची आणि घसा कोरडा करून परत यायची.

गेल्या वर्षी मात्र ते आतून बाहेर आले. म्हणाले, "आठ वर्षं झाले, तू येऊन राहिली. तुह्या तोंडाकडे पाहून हो म्हणतो. औषधाचं मले काही समजत नाई."

"मामाजी, माह्यावर भरवसा ठेवा," शामला म्हणाली. घरी येऊन तिनं पायलला जवळ ओढून गालाचा मुका घेतला. एवढा आनंद तिला दहावी पास झाल्याचाही झाला नव्हता.

लशीच्या बाटल्या शनिवारी आल्या. टोचायच्या सोमवारी. जनावरांच्या दवाखान्यातला फ्रिज बिघडलेला, म्हणून चिंचटोल्याच्या बाटल्या शामलाच्या घरी ठेवायच्या ठरल्या. बाकीच्या नाल्यापलीकडच्या गावात मोनालीकडे गेल्या, ती तिथली पशुसखी. नागपूरचा मे महिना, पारा शेहेचाळीसवर. दुपारी लाइट गेली. राखेच्या तलावापलीकडे वीज तयार होते आणि अलीकडे लाइट जाते, याचं चिंचटोल्यात कोणाला नवल वाटत नाही. शामला दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडून बाटल्यांना हात लावून बघू लागली. उघडून उघडून होता तोही गारवा तिनं घालवला. संध्याकाळी लाइट आली तेव्हा बाटल्या जवळजवळ कोमट झाल्या होत्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. शामला बरीच वर्षं पोलिओच्या बूथवर मदतीला जायची. तिथली लस बर्फात गाडलेली असते, आणि 'बर्फ कमी पडू देऊ नका' हे तिनं शंभरदा ऐकलं होतं. ढोरांच्या लशीबद्दल प्रशिक्षणात 'फ्रिजच्या खालच्या कप्प्यात' असं सांगितलं होतं, ते तिला आठवत होतं. पण अशा उन्हात जास्तीचा थंडावा वाईट कसा असेल? तिनं वरच्या बर्फाच्या कप्प्यातल्या पायलच्या पेप्सीकोल्याच्या कांड्या काढल्या, त्यांच्या जागी बाटल्या लावल्या आणि निश्चिंत झाली. सोमवारी पहाटे बाटल्या दगडासारख्या झालेल्या. तिनं ओल्या फडक्यावर ठेवून त्या सैल केल्या, हलवल्या. आत पहिल्यासारखंच दुधाळ औषध दिसलं. लस वाचवली म्हणून तिनं स्वतःचीच पाठ थोपटली, शोभाताईंनाही सांगितलं.

त्या दिवशी तिनं एक्केचाळीस ढोरांना सुई दिली. मोगरीच्या वेळी चंपतरावांनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि तोंड फिरवलं. सुई कधी गेली ते मोगरीला कळलंही नाही. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं, मामाजी. आता पावसाळाभर घोर नाई," शामला म्हणाली.

पोळ्याला आठ दिवस होते तेव्हा मोगरीनं सकाळी वैरणीला तोंड लावलं नाही. चंपतराव स्वतः शामलाच्या दारात आले, अनवाणी. शामला धावली. म्हशीचा गळा सुजलेला होता, जीभ बाहेर आलेली, घरघर अंगणापर्यंत ऐकू येत होती. तिनं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर मयुरा नागपूरच्या पार दुसऱ्या टोकाच्या मनीषनगरहून स्कूटरवर निघाल्या, पण त्या पोचेपर्यंत दुपार झाली. त्यांनी दिलेलं औषध मोगरीच्या अंगात भिनायलाच वेळ मिळाला नाही. चारच्या सुमाराला तिनं मान टाकली. चंपतराव तिच्या शिंगावर हात ठेवून बसले होते.

दोन दिवसांत आणखी दोन म्हशी गेल्या. दोघींनाही लस दिलेली. मग गावानं तोंड उघडलं. सुईत काही दम नाही, पाणीच टोचलं, आमचे बापजादे सांगत होते ते खरं निघालं. आठ वर्षांची शामलाची मेहनत दोन दिवसांत मातीमोल झाली. तिला मात्र त्याहून मोठं कोडं पडलं होतं. लस दिली असताना हे झालंच कसं?

डॉक्टर मयुरा तिच्या अंगणात खाटेवर टेकल्या. दोन रात्री झोपल्या नसाव्यात असा त्यांचा चेहरा होता. त्या म्हणाल्या, "नाल्यापलीकडे तीच लस, तोच पाऊस, एकाच नाल्यावर पाणी पिणारी ढोरं. तिथं लस न दिलेली एक गाय गेली. लस दिलेलं एकही आजारी नाही. शामलाताई, तुमच्याकडे बाटल्या कुठं ठेवल्या होत्या?"

"मॅडम, लाइट गेली होती, पण मी खराब होऊ नाई देल्ल्या," शामला उत्साहानं म्हणाली. "बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. पार गोठवून टाकल्या."

मयुरांनी खालच्या आवाजात सांगितलं, की ही लस गोठली की मरते. तिच्यातलं औषध फाटतं, ते परत एकजीव होत नाही. रंग तोच दिसतो, पण टोचून काही उपयोग नसतो. काय झालं ते शामलाला एका क्षणात कळलं, आणि आपल्याला ते कधीच कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही त्याच क्षणी वाटलं.

"हे आपल्या दोघींत राहू द्या," मयुरा म्हणाल्या. "चूक माझीही आहे, मी विचारायला हवं होतं. लस दिलेल्या ढोरांतही काहींना रोग होतोच, शंभर टक्के कुठलीच लस नसते. हे खोटं नाही. मी लोकांना तेवढंच सांगते आणि उरलेल्यांना नवी लस देऊ."

संध्याकाळी समाजमंदिरापुढे लोक जमले. मयुरांनी सगळं नीट समजावलं. कोणी ऐकेना. अडतीस ढोरं उघडी पडली होती, रोग गावात शिरला होता, आणि लस दिल्यावरही अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. एकेक दिवस मोलाचा होता. "एकदा सुई देल्ली तं तीन मेल्या. आता दुसरी कायले?" एकजण म्हणाला. लोक उठायला लागले. चंपतराव कडेला भिंतीला टेकून उभे होते.

शामला उभी राहिली. मयुरांनी तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला. शामलाला शब्द सापडत नाहीत हे चिंचटोल्यानं पहिल्यांदा पाहिलं.

"लस खराब नव्हती," ती म्हणाली. "मी खराब केली. बर्फात ठेवली म्या. ते मरते, मले माहीत नव्हतं. नाल्यापलीकडे पाहा, त्याच लशीनं तिकडची ढोरं उभी आहेत. माह्यावर राग काढा, पण सुई घ्या. घेतली नाई तं बाकीची बी जातील."

शोभाताईंनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं चंपतराव भिंतीपासून निघून हळूहळू पुढे आले. त्यांचा आवाज एरवीपेक्षाही खाली होता.

"औषधच खोटं होतं, असं समजून मी चार दिवस काढले वं. जे होणार होतं ते झालं, असं मनाले सांगितलं. आता तू सांगून राहिली, औषध खरं होतं. म्हणजे मोगरी वाचली असती." ते थांबले. "काहून सांगितलं तू?"

याचं उत्तर बाजूच्या गोठ्यांत रवंथ करत उभं होतं. पण ते या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"माह्या तिघींले सुई द्या," चंपतराव डॉक्टरांकडे वळून म्हणाले. "ह्या बाईच्या हातानं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी अडतीसच्या अडतीस ढोरांना लस मिळाली. ज्यांना ताप होता त्यांना औषधही दिलं. पुढच्या पंधरवड्यात आणखी एक वासरू गेलं, त्यानंतर एकही नाही. दिवाळीपर्यंत नाल्याच्या दोन्ही बाजूंना घटसर्पाचं नाव निघालं नाही. शामलाला कोणी वाईट बोललं नाही. फक्त ढोर आजारी पडलं की लोक मोनालीला फोन लावू लागले. पायलनं एकदा विचारलं, आई, आजकाल तू बोलत काहून नाई? शामला म्हणाली, बोलून राहिली ना.

या मे महिन्यात कोणाच्या दारी जावं लागलं नाही. लोकांनी आपणहून ढोरं आणून समाजमंदिरापुढे बांधली. चंपतराव सगळ्यांत आधी आले, तीन म्हशी घेऊन. मोनाली लशीचा डबा घेऊन आली. शामला आपल्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिथून सगळं ऐकू येत होतं.

मोनालीनं सिरिंज भरायला घेतली तसा चंपतरावांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"पोरी, थांब. हे बर्फात तं नव्हतं ठेवलं ना?"

त्यांच्या मागच्या माणसानंही तेच विचारलं, आणि त्याच्या मागच्या बाईनंही. मोनालीनं डब्याचं झाकण उघडून प्रत्येकाला दाखवलं. शामलानं सुपातले तांदूळ तसेच ठेवले, आत गेली आणि दार लोटून घेतलं.