सुतक धरायला माणूस

थोरला भाऊ गेला तेव्हा सुतक धरायला भावकूअण्णांशिवाय एकही पुरुषमाणूस नव्हता. तेव्हापासून बेळगावातल्या अनगोळच्या या रिटायर्ड बस-मेकॅनिकला वंशावळीचं वेड लागलं. भावाला मूलबाळ नव्हतं. अण्णांना एकुलती एक नीलम, ती लग्न होऊन पुण्याला. आणि नांदायला गेलेल्या लेकीला बापाचं सुतक तीनच दिवस.

"म्हंजे मी मेलो की चौथ्या दिशी मला कोणच न्हाय," अण्णा म्हणायचे.

"मी काय मेल्यात जमा हाय काय?" त्यांची बायको अक्काताई चुलीपुढून, म्हणजे आता गॅसपुढून, विचारायच्या.

"तू बाईमाणूस. डोसकं कोण भादरणार?"

"तुमच्या डोसक्यावर तरी भादराय काय हाय?"

अण्णांच्या टोपीखाली खरंच फार काही नव्हतं. पण प्रश्न केसांचा नव्हता, भाऊकीचा होता. कुठेतरी आपल्या रक्ताचं दुसरं घर असेल, ते वंशावळीत सापडेल, एवढीच त्यांची आशा. जुन्या कॅलेंडरांची पानं पालथी घालून त्यावर अण्णा पिढ्या मांडू लागले. खानापूरकडच्या गावात नातेवाइकांकडे खेपा झाल्या. बस उघडून बिघाड शोधणाऱ्याला माणसं उघडणं काही जमेना. ज्याला विचारावं त्याचा पणजोबा पाटील निघायचा. एवढ्या पाटलांच्या गावात शेती केली कोणी, हे अण्णांना कळेना. बायकांचं तर नावच नाही. "आज्जीचं नाव काय रं?" तर म्हणे, "आज्जीच म्हणायचो की, अण्णा. नाव कशाला लागतंय?"

शेवटी कोणीतरी हेळव्याची आठवण काढली. पूर्वी सुगी झाली की हेळवी बैलावर बसून दारात यायचा, घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणायचा आणि धान्य घेऊन जायचा. आपल्याकडचा हेळवी निपाणीजवळ असतो कळल्यावर अण्णा पहिल्या गाडीनं निघाले. आण्णाप्पा हेळव्याचा बैल जाऊन आता मोटारसायकल आली होती, पण आवाज जुनाच. अंगणातल्या खाटेवर बसून, डोळे मिटून त्यानं मूळपुरुषापासून सुरुवात केली. अण्णा भराभर लिहीत होते. खापरपणजोबा आले, पणजोबा आले. पणजोबांना दोन मुलगे. धाकटा संकेश्वरला गेला, त्याची लेकरं, नातवंडं, त्यांत आजचा युवराज. आणि थोरला?

"थोरला कल्लाप्पा, निर्वंश," हेळवी म्हणाला आणि डोळे उघडले.

कल्लाप्पा म्हणजे अण्णांचे सख्खे आजोबा.

"निर्वंश कसा? मी काय उगवलोय व्हय रं?"

आण्णाप्पा ओशाळला. "अण्णा, राग धरू नगा. तुमच्या वडलांनी माझ्या आज्जाला दारातनं रिकाम्या हातानं लावून दिलतं. ज्या दारात दाणा न्हाय, त्याची वेल आमी पुढं म्हणत न्हाय. बापानं शिकवलं तेच मी म्हणतोय."

"मग आता म्हण. पोतंभर जोंधळा देतो."

"तसं न्हाय चालत. संकेश्वरकरांनी पंचांत मान्य केलं, की हे आमचं भाऊबंद, तर मी म्हणीन."

म्हणजे आता सगळं युवराजच्या हाती. तो काही साधासुधा माणूस नव्हता; ऊस, ट्रॅक्टर, दारात दोन गाड्या. अण्णा कॅलेंडरांची गुंडाळी काखेत मारून संकेश्वरला गेले. चहा आला, चिवडा आला, युवराजची आई गुणाबाई येऊन "दमला असाल" म्हणून गेली. अण्णांनी जाजमावर वंशावळ पसरली आणि युवराजचा चेहरा बदलला. इकडं वंशावळ पसरणारा माणूस कशासाठी येतो, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. वाटणीसाठी.

"मला रान नगं रं," अण्णा म्हणाले. "मी गेल्यावर सुतक धर, एवढंच. पायजे तर आत्ता हक्कसोड लिहून देतो."

युवराजनं तिथल्या तिथं वकिलाला फोन लावला, बराच वेळ 'हां हां' केलं, आणि फोन ठेवून म्हणाला, "वकील म्हणत्यात, हक्क सोडायला आदी हक्क हाय म्हणून मान्य कराय लागतंय. त्ये तेवढं करू नगा म्हणालेत."

"मग तसंच, कागदाशिवाय?"

"कागदाशिवाय कशाला काय अर्थ हाय, अण्णा? आणि थोडा चिवडा घ्या की."

पावसाळ्यानंतर पेपरात गुणाबाईंच्या निधनाची बातमी आली. अण्णांनी कुणाला न विचारता सुतक धरलं. देवपूजा बंद, दाढी बंद. अक्काताईंच्या भाच्याचं लग्न नेमकं त्यातच होतं.

"ते तुमाला भाऊबंद मानत न्हाईत, आणि तुमी त्यांच्या आईचं सुतक धरताय?"

"त्यांनी मानलं न्हाय म्हणून ती माझी चुलती व्हायची ऱ्हाती काय?"

लग्नाला अक्काताईही गेल्या नाहीत. नवऱ्याचं सुतक ते बायकोचंही. फक्त आहेर पाठवला आणि भांडी जरा जोरात घासली.

दहाव्याला अण्णा पहाटेच संकेश्वरला पोचले. हिरण्यकेशीच्या घाटावर भाऊकीतले पुरुष रांगेनं बसले होते. अण्णा रांगेच्या टोकाला बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांची पाळी आली तेव्हा न्हावी थबकला. हा चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता. त्यानं युवराजकडं पाहिलं. युवराजचं डोकं नुकतंच झालं होतं. त्यानं अण्णांकडं पाहिलं, दहा दिवसांच्या दाढीकडं पाहिलं, आणि क्षणभर अण्णांना वाटलं, हा न्हाव्याला 'हो' म्हणेल.

त्यानं हात जोडले. अगदी मनापासून.

"अण्णा, एवढ्या लांबनं आलासा, उपकार झाले." मग मागं वळून ओरडला, "अरं, बेळगावच्या पाहुण्यास्नी सावलीत बसवा, चहा द्या."

न्हावी पुढच्या माणसाकडं सरकला. अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि युवराजच्या सासरच्या मंडळींत जाऊन बसले. चहात साखर जास्त होती. शेजारच्यानं विचारलं, "तुमचं यांच्याशी नातं काय?"

अण्णांनी टोपी डोक्यावर चढवली, नीट बसवली, आणि म्हणाले, "वळखीचं हाय."